एक सिगारेट आणि चिमूटभर मिश्री

आज सकाळी चहा पण झाला नव्हता आणि आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर परत तो जपानवाला फॉरवर्ड आला. तुमच्याकडेही आला असणार, फिरतोय कधीचा. "एका सिगारेटसाठी कॅप्टनला ऑलिंपिकमधून घरी पाठवलं, याला म्हणतात देश! आणि आपल्याकडे??" खाली बारा जणांचे टाळ्यांचे इमोजी. त्यातल्या किमान पाच जणांना मी कॉलेजच्या मागच्या टपरीवर धूर काढताना बघितलंय, नावं घेत नाही, बायका वाचतात त्यांच्या.

मी तिथं काही लिहिलं नाही. तिथं लिहिलं की लगेच "ताई शांत व्हा" सुरू होतं. म्हणून इथं लिहितेय.

त्या पोरीला नाव आहे हो. शोको मियाता. फॉरवर्डमध्ये नाव पण नाही, नुसतं 'एक खेळाडू'. जन्म सप्टेंबर 2004, क्योटोची. जिम्नॅस्टिक्ससाठी फुकुईमधल्या साबाए गावच्या हायस्कूलला गेली (हे गाव चष्म्याच्या फ्रेमसाठी प्रसिद्ध आहे, जपानमध्ये बनणाऱ्या बहुतेक फ्रेम तिथल्याच), मग तिथून जुन्तेन्दो युनिव्हर्सिटी. 2022 ला लिव्हरपूलच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला बीमवर ब्राँझ. बीम म्हणजे काय माहितीये ना? पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि रुंदी फक्त दहा सेंटिमीटर. आपला तळहात बघा, तेवढी. त्याच्यावर कोलांटउडी मारायची आणि परत त्याच तळहातावर उतरायचं. तेव्हा ती जेमतेम अठरा पूर्ण झालेली. गोल्ड पण जपानच्याच हाझुकी वातानाबेला होतं, म्हणजे एकाच बीमवर दोन जपानी पोरी.

आणि 2024 ला पॅरिसच्या टीमची कॅप्टन. पाच जणींची टीम, पाचही जणी विशीच्या आतल्या.

तर झालं काय, टीम मोनॅकोला सरावाला होती, तिथून हिला एकटीला परत बोलावलं. 19 जुलैला पत्रकार परिषद. उद्घाटन 26 ला, म्हणजे एक आठवडा राहिलेला. जपानच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेचे अध्यक्ष तादाशी फुजिता, बाकीचे साहेब, कोच, सगळे कमरेत वाकून उभे. एकदा सिगारेट ओढली आणि एकदा दारू प्यायली, वयाची वीस पूर्ण नव्हती, म्हणून संपलं. आणि शब्द काय वापरला, तर तिनं 'स्वतः माघार घेतली'. हा शब्द मला फार ओळखीचा आहे. आमच्या ताईनं पण 'स्वतः'च माघार घेतली होती.

ताई म्हणजे माझी आतेबहीण. 1994 ची गोष्ट. ती दहावीत, मी आठवीत, शाळेची खो-खो टीम. ती कॅप्टन, मी टीममधली बारावी खेळाडू, म्हणजे राखीव, म्हणजे सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी. ताईचा खांबावरचा सूर बघायला शेजारच्या शाळेची पोरं कंपाउंडवर चढून बसायची. नगरला राज्य स्पर्धा होती, आदल्या रात्री एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून झोपलो. सकाळी उठून बघतो तर सर लाल झालेले आणि ताई हॉलच्या पायरीवर बसलेली. का, तर हौदाजवळ मिश्री लावताना सापडली.

शहरातल्या मित्रमंडळींसाठी सांगते, मिश्री म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. आमच्या आजीची रोज सकाळची तव्यावर धुराची पहिली खेप तीच, चपाती नंतर. आजी लावायची, आत्या लावायची, सगळी गल्ली लावायची, आणि ताईला वयाच्या दहाव्या वर्षापासून सवय. घरात कुणी हूं का चूं केलं नव्हतं. त्या सकाळी ती हौदाच्या कट्ट्यावर बसलेली, डाव्या तळहातावर चिमूटभर पूड, उजव्या हाताचं बोट काळं. सर मागं येऊन उभे राहिले तेव्हा घाईघाईत तिनं चूळ भरली आणि तोंड ओढणीला पुसलं, पण ओठाच्या कोपऱ्यात काळा डाग राहिला तो राहिलाच. दिवसभर होता तो डाग. तेच माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

बरं, नियम होता. मान्य. मियाताला पण नियम माहीत होता, कॅप्टन होती. नियम म्हणजे नियम. झालं समाधान?

आता मला सांगा. जपानमध्ये 2022 पासून अठराव्या वर्षी माणूस सज्ञान. मत द्या, लग्न करा, कर्ज काढा, सगळं चालतं. दारू-सिगारेटला मात्र वीसच पाहिजे. तिची वीस कधी पूर्ण होणार होती? 21 सप्टेंबरला. म्हणजे त्या पत्रकार परिषदेनंतर दोन महिने आणि दोन दिवसांनी. देशाचं ओझं पाठीवर घ्यायला एकोणीस पुरेत, सिगारेट ओढायला नाहीत. तिचे कोच हारादा त्याच पत्रकार परिषदेत बोलले की पोरीवर निकालाचं भयंकर प्रेशर होतं, रोजचा दिवस ती त्याखाली काढत होती. अहो मग हे तुम्हाला माहीत होतं ना?? तुम्ही रोज सोबत होता ना? मग वाकताना नुसती माफी मागायची, की 'आमचं पण चुकलं, तिचं प्रेशर आम्हाला दिसत होतं तरी आम्ही काही केलं नाही, म्हणून आम्ही पण घरी बसतो' असं म्हणायचं? वाकणं सोपं असतं. वाकून झाल्यावर साहेब परत सरळ होतात.

आमचे सर तर वाकले पण नाहीत. सरांच्या पँटच्या खिशात तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी कायम. डाव्या हातावर मळत मळत त्यांनी ताईला संस्कार सांगितले. मी खोटं बोलत नाही, आमच्या टीममधल्या कुणालाही विचारा.

आणि कुणीतरी आत्ता म्हणणार, पण बाकीच्यांना धडा मिळतो ना. बाकीच्यांना काय मिळालं ते सांगते. पॅरिसला टीम पाच जणींची. पात्रता फेरीत प्रत्येक उपकरणावर चौघी उतरणार, त्यातले सगळ्यात कमी मार्क सोडून तिघींचे धरणार. पाच जणी असतील तर एखादीला एखाद्या उपकरणावर बसवता येतं. मियाता गेली आणि बदली कुणी आली नाही, राहिल्या चार. किशी रिना, नाकामुरा हारुका, ओकामुरा माना, उशिओकु कोहाने. म्हणजे ते एक मार्क सोडायची सोय हवी असेल तर चौघींनी चारही उपकरणांवर उतरायचं, थकली तरी, दुखलं तरी. चूक एकीची, सजा चौघींना. तरी त्या पोरी फायनलला गेल्या. आठव्या आल्या, शेवटच्या, पण फायनलला गेल्या!! ह्याचा फॉरवर्ड आलाय का कुणाला? मला नाही आला.

आमच्याकडे बदली होती. मी. ताईचा टीशर्ट सरांनी काढून घेतला आणि माझ्या अंगावर टाकला, माझ्या गुडघ्यापर्यंत येत होता, चड्डीत खोचला तर पोटावर गाठोडं झालं. पहिल्याच तुकडीत मला पळायला लावलं आणि अर्ध्या मिनिटात मी बाद. खांबाकडं जायचं का रांगेत घुसायचं हेच कळेना. मॅच गेली, आम्ही दुपारच्या एसटीनं घरी. परत येताना ताई खिडकीशी बसलेली, माझ्याकडे बघून म्हणाली, "टीशर्ट धुऊन दे, सरांकडं जमा करायचा असतो." बस, एवढंच.

घरी सांगण्यात आलं की तिला बरं नव्हतं, तिनं स्वतः नाव मागे घेतलं. त्यानंतर ताई मैदानावर गेली नाही. दहावी झाली, शाळा सुटली, दोन वर्षांत लग्न.

जपान म्हटलं की आपल्या लोकांना ट्रेन सेकंदावर येते आणि प्रेक्षक स्टेडियम झाडून जातात एवढंच माहिती. चांगलंच आहे ते, मी कुठं नाही म्हणते. पण त्याच जपानमध्ये कोकिची त्सुबुराया पण होऊन गेला. 1964 चं टोकियो ऑलिंपिक, मॅरेथॉन. स्टेडियममध्ये दुसरा शिरला आणि सगळ्या देशासमोर शेवटच्या फेरीत मागं पडला, ब्राँझ. (त्याच ऑलिंपिकला जपानच्या बायकांच्या जिम्नॅस्टिक्स टीमला पण ब्राँझ होतं, टीम म्हणून त्यानंतर आजवर मेडल नाही.) ब्राँझ म्हणजे आपण मिरवणूक काढू. तो माफी मागत राहिला. पुढचं मेक्सिको ऑलिंपिक आहे म्हणून सैन्यातल्या वरिष्ठानं त्याचं ठरत आलेलं लग्न होऊ दिलं नाही. जानेवारी 1968 मध्ये त्यानं स्वतःला संपवलं, सत्तावीस वर्षांचा होता. मागं जी चिठ्ठी ठेवली त्यात घरच्यांचे आभार आहेत, कुणी दिलेली सुकवलेली पर्सिमनची फळं, मोची (तांदळाचे गोळे), सगळं फार छान लागलं म्हणून. आणि शेवटी, की मी पार थकलोय, आता पळवत नाही.

हे लिहिताना पण कसंतरी होतंय. मगाशी चिडून बसले होते, आता नुसतं बसलेय.

अमेरिकेच्या जलतरणपटू मायकल फेल्प्सचं कुणीतरी कमेंटमध्ये काढणारच म्हणून आधीच सांगते. 2009 ला गांजाच्या पाइपसोबत त्याचा फोटो आला, तीन महिने बंदी, मग 2012 ला लंडनला आणखी चार गोल्ड. हां, तो तेवीस वर्षांचा होता आणि ऑलिंपिक तोंडावर नव्हतं, हा फरक आहे, धरा तो. पण तीन महिने बंदी आणि पुढच्या ऑलिंपिकपर्यंत चार वर्षं यात पण फरक आहे. जिम्नॅस्टला चार वर्षं म्हणजे काय असतं हे ज्यांचा गुडघा दुखतो त्यांनी तरी समजून घ्यावं.

मियाता नंतर परत स्पर्धेत उतरली. हे पण फॉरवर्डमध्ये नाही. तिथं ती अजून त्या दिवशीच उभी आहे, आणि टाळ्या वाजतायत.

आता एक गोष्ट राहिली. मगाशी मी लिहिलं की ताई मिश्री लावताना 'सापडली'. तर तशी नाही सापडली. सर हॉलमध्ये आले आणि विचारलं, कॅप्टन कुठाय. सगळ्या पोरी गप्प, सगळ्यांना माहीत होतं. मी उठून म्हणाले, "हौदाकडं हाय सर, दात घासतीय." मला काय ठाऊक. तेरा वर्षांची होते. ठाऊक होतं पण थोडंसं. मला खेळायचं होतं.

दुपारी ताईला फोन लावला. मियाताचं सगळं सांगितलं, ती भाजी निवडत ऐकत होती. सिगारेटचं सांगितलं तर हसली, "येवढ्यासाठी?" मग म्हणाली, "आणि त्या बाकीच्या पोरींचं काय झालं गं?"

म्हटलं, आठव्या आल्या.

"म्हंजे फायनल खेळल्या."

"हो."

"आपण पहिल्याच मॅचला घरी आलो," ती म्हणाली, मग कुकरची शिट्टी झाली आणि ठेवते म्हणाली.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. ती फेसबुकवर नसते.