ओळखाणीची खाण आणि अनोळखी पत्र

‘ओळखाण सौथी मोटी खाण छे’ हे वाक्य बडोद्यातल्या मराठी घरांतही गुजरातीतच म्हटलं जातं. परदेशातल्या अनोळखी कंपन्यांकडे काम मागताना हे कितपत लागू, यावरून सध्या तिथे दोन तट पडलेत. दांडिया बाजारातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं असं, की ओळखदेख नसताना काम मागणं म्हणजे दारोदार हिंडणं. मध्ये कुणीतरी शब्द टाकणारा हवाच. मकरपुरा जीआयडीसी या तिथल्या औद्योगिक वसाहतीत वडिलांच्या वर्कशॉपमध्ये नुकतीच बसू लागलेली पोरं म्हणतात, लाज सोडा, दहा हजार पत्त्यांची यादी विकत घ्या आणि कोल्ड मेल, म्हणजे अनोळखी लोकांना न विचारता मेल, सोडा, एखादा तरी गळाला लागेल. जर्मनीत राहून हे ऐकताना दोन्हीकडचा मुद्दा जरा चुकलेला वाटतो.

शब्द टाकणारा नेमकं काय करतो? केळुसकर गुरुजींनी तरुण भीमरावांसाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि पुढे १९१३ साली बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. हुशारी त्यांची स्वतःचीच होती. गुरुजींनी दिली ती हमी, म्हणजे महाराजांचे पारखण्याचे कष्ट वाचवले. मध्यस्थ नसेल तर ती हमी पत्रातच घालावी लागते, आणि तीही समोरच्याला दोन मिनिटांत पडताळून पाहता येईल अशी. लाजेचा किंवा धाडसाचा प्रश्न त्यानंतर येतो.

इथल्या पंप बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागात ‘वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर अँड एक्सपोर्टर’ अशी सुरुवात आणि आठ एमबीचा कॅटलॉग पोचला, की तो न उघडताच जातो. त्या माणसाला कळायला हवं ते असं: कोणता धातू, किती व्यासापर्यंत, किती टॉलरन्स (मापात चालणारा फरक), महिन्याला किती नग, पहिला नमुना किती आठवड्यांत. स्टेनलेस स्टीलच्या एका प्रकाराला आपण एसएस ३१६एल लिहितो, त्याच्या ड्रॉइंगवर १.४४०४ असतं, ३०४ ला तो १.४३०१ म्हणतो. त्याच्या भाषेतला आकडा लिहिला की निम्मं काम झालं. मालासोबत ईएन १०२०४ या युरोपीय मानकाप्रमाणे ३.१ सर्टिफिकेट, म्हणजे धातूच्या तपासणीचा उत्पादकाचा दाखला, मिळेल का, हेही पहिल्याच पत्रात सांगावं, कारण नंतर तो तेच विचारणार. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र असेल तर सर्टिफिकेटचा नंबर आणि देणाऱ्या संस्थेचं नाव द्यावं, नुसता लोगो नको. आणि एक ओळ, जी बडोद्यातून कधीच येत नाही: ‘आम्ही काय करत नाही.’ पाच अक्षांचं मशीनिंग नसेल तर तसं लिहावं. त्या एका नकारामुळे बाकीच्या होकारांना वजन येतं.

हे सगळं दीडशे शब्दांत बसतं. पण असं पत्र दहा हजार जणांना लिहिता येत नाही. आठवड्याला पंधरा-वीस झाली तरी पुष्कळ. पोरांच्या हिशेबाशी माझं भांडण इथेच आहे.

दुसरं भांडण कायद्यावरून. जर्मनीत यूडब्ल्यूजी या स्पर्धाविषयक कायद्याच्या कलम ७ प्रमाणे जाहिरातीचा ईमेल पाठवायला आधी स्पष्ट संमती लागते, समोर कंपनी असली तरी. अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याखाली न विचारता मेल चालतो, मात्र खरा टपाल पत्ता द्यायचा, ‘नको’ म्हणायची सोय ठेवायची आणि कुणी नको म्हटलं तर कामाच्या दहा दिवसांत नाव काढायचं. कॅनडात २०१४ पासून नियम पुन्हा कडक आहेत. म्हणजे ‘परदेशी मेल टाका’ हा सल्ला अर्धवट आहे. कोणत्या देशात, हे आधी ठरवायला हवं. मकरपुऱ्यातल्या वर्कशॉपवर कुणी जर्मन वकील धावून येणार नाही, हे मान्य. पण इथे तुमचा एजंट असेल तर नोटीस त्याच्या दारात येऊ शकते.

मग जर्मनीत शिरायचं कसं? कागदी पत्राने! कंपनीच्या पत्त्यावर पाठवलेल्या टपालाला अशी आधी संमती लागत नाही. पत्र कुणाच्या नावाने लिहायचं तेही उघडच असतं: इथल्या प्रत्येक व्यावसायिक वेबसाइटवर ‘इम्प्रेसुम’ नावाचं पान कायद्याने बंधनकारक आहे, त्यात पत्ता आणि संचालकाचं नाव असतं. पत्रानंतर दहा-बारा दिवसांनी फोन. फोनलाही कंपनीच्या कामाशी ठोस संबंध असावा लागतो. पंपवाल्याला पंपाच्या सुट्या भागांबद्दल विचारणं त्यात बसतं, सौर पॅनेलबद्दल नाही. इथले सकाळचे नऊ म्हणजे बडोद्यात उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. ‘माहिती ईमेलने पाठवू का?’ असं विचारायचं, आणि हो म्हणाले तर नाव, तारीख, वेळ वहीत टिपायची. ऑगस्ट आणि नाताळचा आठवडा सोडून द्यावा.

जिथे ईमेल चालतो तिथेही तो पोचेलच असं नाही. स्वतःच्या डोमेनला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी हव्यात, म्हणजे मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे समोरच्या सर्व्हरला पडताळता येतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडून या तिन्हींची मागणी करतं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतं. विकतच्या यादीत मेलेले पत्ते भरपूर असतात. मेल धडाधड परत येऊ लागले की डोमेनची पत जाते, आणि मग जुन्या गिऱ्हाइकाचं बिलसुद्धा स्पॅममध्ये पडतं. पोरांना ही किंमत कुणी सांगत नाही. ‘किती जणांनी उघडला’ या आकड्यावरही भरवसा ठेवू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेलमधली गोपनीयतेची सोय चित्रं आधीच उतरवून घेते, त्यामुळे न वाचलेला मेलही वाचलेला दिसतो. मोजायची ती उत्तरं.

नोकरीचं गणित मात्र उलटं आहे. जाहिरात नसताना केलेल्या अर्जाला जर्मनमध्ये ‘इनिशियाटिव्हबेवेर्बुंग’ असा खास शब्दच आहे, आणि तसा अर्ज आला म्हणून इथे कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. एम. एस. युनिव्हर्सिटीतून पीएचडीसाठी प्राध्यापकांना लिहिणाऱ्यांनी ‘रिस्पेक्टेड सर, युअर एस्टीम्ड रिसर्च’ सोडावं. त्यांचा एक शोधनिबंध खरंच वाचावा, त्यातल्या एका आकृतीवर एक प्रश्न विचारावा, आपल्या प्रोजेक्टमध्ये काय मोजलं ते दोन ओळींत लिहावं, दोन पानी सीव्ही आणि गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये जोडावी. एका विभागातल्या पाच जणांना एकच मजकूर पाठवू नये. ते एकाच टेबलावर जेवतात. दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, मग गप्प.

सगळ्यात जास्त संधी मात्र उत्तर आल्यावर वाया जातात. इथून ड्रॉइंग जातं आणि बडोद्याहून नऊ दिवस काहीच येत नाही, कारण मटेरियलवाल्याचा भाव यायचाय, नायट्रायडिंग (धातूचा पृष्ठभाग कठीण करण्याची प्रक्रिया) बाहेरून करून घ्यायचंय. ही अडचण खरी असते, पण इथे बसलेल्याला ती दिसत नाही. तो गप्प राहणं म्हणजे नकार समजतो आणि ड्रॉइंग चेक प्रजासत्ताकातल्या कुणाला पाठवतो. ‘ड्रॉइंग मिळालं, नायट्रायडिंगचा भाव मागवलाय, गुरुवारी दर देतो’ एवढी ओळ त्याच दिवशी जायला हवी. आणि गुरुवारी दर.