दोन शेठ आणि बाबांचा बंद झालेला पेपर

परवा बाबांनी पेपरवाल्या पोराला जिन्यातच सांगितलं, ‘उद्यापासून टाकू नकोस.’ लालबागच्या आमच्या खोलीत चाळीसेक वर्षं येणारा पेपर एका फॉरवर्डने बंद केला. चाळीच्या ग्रुपवर आलं होतं: सगळा मीडिया दोन शेठजींनी विकत घेतलाय, म्हणून सगळे पत्रकार एकाच पक्षाचे, पाच रुपयांत पेपर देतात म्हणजे बातम्या विकलेल्याच, पेपर बंद करा, खरं काय ते ग्रुपवर कळेल.

दोन शेठजींचं अर्धं खरं, कबूल. २०१४ मध्ये नेटवर्क१८ रिलायन्सकडे गेलं, २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानींकडे. पण ‘सगळा’? लोकमत दर्डांचा, सकाळ पवारांचा, लोकसत्ता एक्स्प्रेसचा, मटा टाइम्सचा. यातली काही घराणी राजकारणाशी जोडलेली आहेत, ते दुखणं वेगळंच. फॉरवर्डवाल्याला तेवढंही सुचलं नाही. आणि सामना कुठल्या पक्षाचा, हे आमच्या चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल.

पाच रुपयांचं म्हणाल तर पेपर जाहिरातींवर चालतो, यात गुपित कसलं?

विकलेल्या बातम्यांचं मात्र नीट ऐका. २००९ च्या विधानसभेला तेव्हाचे काँग्रेसचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक एकमेकांचे स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत शब्दन् शब्द सारखं छापून आलं. पैसे देऊन छापून घेतल्याचा आरोप चव्हाणांनी फेटाळला. आज ते भाजपमध्ये आहेत. २०१० मध्ये पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने अशा ‘पेड न्यूज’वर ७१ पानी अहवाल दिला, पेपरांच्या नावांसकट. कौन्सिलने तो दाबून त्रोटक आवृत्ती काढली. पूर्ण अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. त्यात फक्त दोन शेठ नाहीत, की कुठला एकच पक्ष नाही. पैसे मोजेल त्याची बातमी, असा धंदा आहे. आणि चव्हाणांचं प्रकरण उजेडात आणलं कोणी? पत्रकार पी. साईनाथ यांनी, ‘द हिंदू’त. म्हणजे पेपरातच!

राहिलं ‘खरं ते ग्रुपवर’. डोकं इथेच फिरलं. बाबांच्या रद्दीतून मार्चचा एक जुना अंक काढून त्यांच्यापुढे ठेवला. आतल्या पानावर बारीक टायपात ‘फॉर्म ४’ची चौकट: मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल कोणाचं त्यांची नावं. बाबांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

मग मी ग्रुपवर विचारलं, ‘हा फॉरवर्ड लिहिला कोणी?’ उत्तरादाखल तिसऱ्या माळ्यावरच्या काकांचा गुलाब आला, शुभ सकाळ लिहिलेला. दुपारी दीड वाजता.