तापीच्या उतारावर भूकंपाची तारीख लिहिलेली नसते

‘सॅटेलाइटवरून सिद्ध झालं! तापीखालची भेग फाटतेय, सातपुडा वर येतोय, दोन वर्षांत खानदेशात महाभूकंप.’ सोबत नदीच्या उताराचा आलेख आणि भुसावळजवळ लाल बाण. जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. नदीच्या उतारावरून जमिनीच्या हालचाली ओळखतात हे खरंच आहे, म्हणून तो पटतोही. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

‘तापी भेगेतून वाहते.’ ढोबळमानाने बरोबर. नर्मदा-तापीचा पट्टा जुन्या प्रस्तरभंगांचा, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांचा आहे आणि तो अगदीच थंड नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला होता. पण जुना प्रस्तरभंग असणं वेगळं आणि तो आज फाटत असणं वेगळं.

‘तापी सातपुड्याला चिकटली, म्हणजे खोरं उत्तरेला कलतंय.’ निरीक्षण चोख आहे. दक्षिणेकडून गिरणा, बोरी, पांझरा लांबून येतात. उत्तरेच्या सुकी, मोर, अनेर आखूड आणि तीव्र उताराच्या. पाणलोटाचा किती हिस्सा नदीच्या कोणत्या बाजूला पडतो हे मोजतात, आणि पन्नास टक्क्यांपासून आकडा फार सरकला की कलण्याची शंका घेतात. इथे ती शंका रास्तच आहे. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी बोअर बरीच खोल नेली तरी गाळच लागतो, खडक लवकर लागत नाही. खोरं खचत गेलं आणि गाळ भरत गेला. पण एवढा गाळ साचायला लाखो वर्षं लागतात. मेसेजवाल्याने त्याची दोन वर्षं केली.

आता तो लाल बाण. नदीचा उतार उगमाकडे तीव्र आणि खाली सपाट होत जाणारा असावा, अशी अपेक्षा असते. मध्येच पायरी दिसली की उतार-लांबी निर्देशांक काढतात: त्या टप्प्याचा उतार गुणिले उगमापासूनचं अंतर. उगमापासून ५० किलोमीटरवर नदी २ किलोमीटरमध्ये १० मीटर उतरली तर आकडा २५०. तेच १० मीटर अर्ध्या किलोमीटरमध्ये उतरली तर १०००. आकडा उसळला की लोक ‘प्रस्तरभंग’ म्हणून मोकळे होतात. पण आपला खडक लाव्ह्याच्या थरांचा. वर घट्ट काळा पाषाण, खाली ठिसूळ मांजऱ्या, मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा. अमळनेर-पारोळ्याकडे विहीर खोदणाऱ्याला विचारा. पाषाण टिकतो, मांजऱ्या झिजतो, आणि जमीन तसूभर न हलताही नदीत पायरी तयार होते. त्यामुळे खडकांचा नकाशा शेजारी न ठेवता काढलेला निर्देशांक निव्वळ आकडा राहतो.

भुसावळच्या पायरीचं तर याहून सोपं आहे. तिथे हतनूर धरण आहे! असे आलेख बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवरून रडारने मोजलेल्या उंचीवरून काढतात. हतनूर त्याच्या आधीचं. रडारला धरणाच्या पाण्याखालचा जुना तळ दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभाग दिसतो: मागे सपाट रेष, भिंतीशी उडी. जलाशय वगळायचे असतात, ही या कामातली पहिलीच पायरी. बाणवाल्याने ती गाळली.

‘उनपदेवच्या झऱ्याचं गरम पाणी म्हणजे ज्वालामुखी जागा होतोय.’ नाही. दख्खनचा लाव्हा थंडावून साडेसहा कोटी वर्षं होत आली. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. शेजारच्या अडावदचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यात अंघोळ करतायत.

राहिली तारीख. या मोजमापांना घड्याळच नाही. ती फार तर कुठे खणायचं ते सांगतात. मग तिथे चर खणून तुटलेले गाळाचे थर शोधतात, त्यांचं वय काढतात, तेव्हा कुठे ‘इथे अमुक हजार वर्षांपूर्वी जमीन सरकली’ असं म्हणता येतं. पुढची तारीख त्यातूनही निघत नाही.