वायर बदलली आणि तानपुरा 'उघडला' म्हणे!

झालं! आमच्या हाय-फाय आवाजाच्या वेड्या मित्राचा परत फोन. 'ये रे, म्युझिक सिस्टिमला नवी पॉवर केबल लावलीय, ऐकच एकदा.' किंमत अठरा हजार, जाडी अजगराएवढी. अरे, वीज मैलोन्‌मैल साध्या ॲल्युमिनियमच्या तारांतून येते, मग सोसायटीच्या कळकट मीटर-बॉक्समधून, मग बिल्डरने भिंतीत कोंबलेल्या वायरीतून. आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये तिचं शुद्धीकरण होतं? वीज आहे की गंगाजल?

त्याआधी केबल जमिनीला टेकू नये म्हणून लाकडी ठोकळे आले. त्याआधी आवाज सुधारावा म्हणून सीडीच्या कडेला हिरवा मार्कर फासून झाला. मग सीडीतलं चुंबकत्व काढायचं यंत्र! सीडी म्हणजे पॉलिकार्बोनेट आणि ॲल्युमिनियमचा पातळ थर. त्यात चुंबकत्व आणलं कुणी?

'फरक जाणवतो ना? भीमसेनजींचा तानपुरा कसा उघडलाय बघ!' मला तर कालचाच तानपुरा ऐकू येतो, बंद की उघडा देव जाणे. म्हटलं, डोळ्यांना रुमाल बांध, मी केबल बदलतो, तू ओळख. तर म्हणे, 'असं दडपण आलं की कान नीट चालत नाहीत.' वा रे कान!

बरं, ही साधना चालते कुठे? घोडबंदर रोडला, दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या उघड्या, खाली कंटेनरचे भोंगे. माणसाला अगदी बारीक, म्हणजे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात ते ऐन तारुण्यात. आमचे हे तानसेन पंचावन्नचे. वहिनी स्वयंपाकघरातून तीनदा ओरडल्या, 'चहा निवतोय!' पत्ताच नाही.