टाकीतला पाणभुंगेरा आणि व्हॉट्सॲपवरचं पाणीशास्त्र

पावसाने जोर धरला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. टाकीत पोहणाऱ्या काळसर, गुळगुळीत किड्याचा फोटो आणि खाली मजकूर: ‘हा किडा फक्त घाण पाण्यात जन्मतो. टाकीत दिसला म्हणजे पाइपलाइन फुटून गटाराचं पाणी मिसळलंय. चावला तर विष चढतं. मासेही संपवतो. ताबडतोब कीटकनाशक टाका. जनहितार्थ.’ पाच वाक्यांत एक अर्धवट खरं, बाकी भंपक. शेवटचं तर धोकादायक.

हा किडा म्हणजे पाणभुंगेरा, डायटिसिडी कुळातला शिकारी. जगात त्याच्या चार हजारांहून जास्त जाती आहेत आणि अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर तो सापडतो.

‘फक्त घाण पाण्यात’ म्हणणाऱ्याने जुलै-ऑगस्टात कोकणातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर जावं. जांभ्याच्या खळग्यात निव्वळ पावसाचं पाणी साचलेलं असतं. आजूबाजूला ना गटार, ना वस्ती. सरकारी कागदावर ही बहुतेक ‘पड जमीन’, पण त्या डबक्यांत पाणभुंगेरे आरामात नांदतात. एरेटिस नावाचा पिवळसर, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा तर अशा आटणाऱ्या डबक्यांचाच रहिवासी. त्याच्या अळ्या झपाट्याने वाढतात आणि पाणी आटायला लागलं की मोठे भुंगेरे उडून दुसरं डबकं गाठतात. भातखाचरं, तळी, ओढ्याचे शांत कोपरे ही बाकीच्यांची घरं. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर जमिनीखालच्या चुनखडीतल्या पाण्यात राहणाऱ्या, डोळे आणि रंग गमावलेल्या कित्येक जाती सापडल्या आहेत. पाणी सोडून जंगलातल्या ओल्या पालापाचोळ्यात राहणाऱ्याही एक-दोन आहेत. यात गटार कुठे बसतं ते फॉरवर्डवाल्यांनाच विचारावं.

मग गढूळ, कुजक्या पाण्यात तो दिसतच नाही का? दिसतो. त्याचं कारण त्याच्या श्वासात आहे. काचेच्या बरणीत पाणभुंगेरा ठेवून बघा. थोड्या थोड्या वेळाने तो वर येतो तो शेपटाकडून. शरीराचं मागचं टोक पाण्याबाहेर काढतो, पाठीवरच्या कडक पंखांखाली हवा भरून घेतो आणि मागचे दोन्ही केसाळ पाय एकदम मारत खाली जातो. कधी कधी शेपटाशी हवेचा चंदेरी बुडबुडा चिकटलेला दिसतो. (डोकं आधी वर काढणारा आणि पाय आळीपाळीने हलवणारा दिसला, तर तो हायड्रोफिलिडी कुळातला वेगळा भुंगेरा.) श्वास वरच्या हवेतून घ्यायचा म्हटल्यावर पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तरी मोठ्या भुंगेऱ्याचं फारसं अडत नाही. त्यामुळे एकटा पाणभुंगेरा पाण्याला नापास करू शकत नाही, आणि पासही करू शकत नाही. ‘हा किडा म्हणजे शुद्ध पाण्याची खूण’ असा उलटा फॉरवर्डही अधूनमधून येतो, तोही त्याच टोपलीत टाका. ब्रिटनमध्ये नदीतल्या किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची बीएमडब्ल्यूपी नावाची गुणपद्धत बरीच वर्षं वापरात होती. तीत स्वच्छ, वाहत्या पाण्यातल्या स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांना 10 गुण, घाण सोसणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या अळ्यांना 2, आणि पाणभुंगेऱ्यांना 5. अगदी मधोमध.

आता पाइपलाइन. सायबिस्टर गटातला मोठा पाणभुंगेरा अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो पाइपातून, बॉलकॉकच्या फटीतून धडधाकट टाकीत कसा उतरेल? तो उडत येतो. कडक पंखांखाली उडायचे पंख घडी करून ठेवलेले असतात आणि रात्रीच्या उड्डाणात चकाकणारी सपाट जागा त्याला पाणीच वाटते, कारण पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आडवा ध्रुवित होतो (म्हणजे त्याची कंपनं मुख्यतः आडव्या दिशेत होतात) आणि पाणकिड्यांचे डोळे नेमकं तेच हेरतात. म्हणून ते गाड्यांच्या टपांवर आपटतात, शेततळ्याच्या कोऱ्या काळ्या कागदावरही उतरतात. टाकीत भुंगेरा आला याचा अर्थ एवढाच की झाकण उघडं होतं. ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये, कारण त्याच वाटेने डास आणि कबुतराची विष्ठाही आत जाते.

चावण्याबद्दल थोडक्यात. मुठीत दाबला तर तो चिमटा काढेल. त्याच्या अळीचे विळ्यासारखे जबडे जास्त झोंबतात. ती त्यांतून भक्ष्यात पाचक रस सोडते. पण माणसाला ‘विष चढणं’ वगैरे काही नाही. मासे-बेडकांनी गिळू नये म्हणून भुंगेरा अंगातून रसायनं सोडतो, एवढाच त्याचा विषाशी संबंध. खरा जोरदार डंख मारतो तो दिव्यावर येणारा मोठा चपटा पाणढेकूण, आणि त्याला भुंगेरा समजून पुष्कळ जण बोंब मारतात.

माशांचं वाक्य ते अर्धवट खरं. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली माशांची पिल्लं, सोडलेल्या संगोपन तळ्यात पाणभुंगेरे आणि त्यांच्या अळ्या खरोखर नासधूस करतात. म्हणून जिरे सोडण्याआधी मत्स्यशेतकरी पाण्यावर तेल आणि साबणाचं मिश्रण पसरतात; हेक्टरी 56 किलो तेल आणि 18 किलो साबण हे रूढ प्रमाण आहे. तवंगामुळे वर आलेल्या किड्याला हवा घेता येत नाही आणि तो गुदमरतो. बोटभर वाढलेल्या मत्स्यबोटुकलीला मात्र त्याचा तेवढा धोका नसतो. आणि याच अळ्या डासांच्या अळ्याही फस्त करतात, हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

राहिलं कीटकनाशक. एका निरुपद्रवी किड्यापायी घरच्या पिण्याच्या पाण्यात विष ओतायचं, याला काय म्हणावं? भुंगेरा गाळणीने काढा, बाहेरच्या डबक्यात सोडा, टाकी धुऊन झाकण घट्ट बसवा. पाण्याचीच शंका असेल तर ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून करायची क्लोरीनची चाचणी करा. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, आला नाही तर बहुधा टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची भुकटी) पडलेली नाही किंवा कमी पडली आहे. गटाराचा संशय असेल तर विष्ठेतले जंतू दाखवणारी एचटूएस चाचणीची बाटली भरून ठेवा. ती दोन दिवसांत काळी पडली, तर पाणी उकळून प्या आणि पाणीपुरवठा खात्याकडे तक्रार करा.