प्रशासक बरा होता?

वॉशिंग्टनला कामावर जाताना सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'प्रतिनिधित्वाविना करआकारणी थांबवा' अशा अर्थाची ओळ दिसते. राजधानीतल्या सुमारे सात लाख रहिवाशांना अमेरिकी काँग्रेसमध्ये मताधिकार असलेला एकही प्रतिनिधी नाही, आणि ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध उठलेल्या वसाहतींची घोषणा त्यांनी आता आपल्याच सरकारपुढे धरली आहे.

या ओळीची आठवण परवा नेरूळहून बाबांचा फोन आला तेव्हा झाली. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. बाबांचे, आणि त्यांच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांचे, मत असे की तोच काळ बरा होता. "नगरसेवक नव्हते म्हणून काय अडलं? आमदार होतेच की," असे ते म्हणाले.

हा युक्तिवाद १७६५ मध्ये लंडनमध्येही झाला होता. अमेरिकी वसाहतींमधली वृत्तपत्रे, दस्तऐवज, पत्त्यांचे कॅट यांवर कर बसवणाऱ्या स्टॅम्प कायद्याचे समर्थन करताना ब्रिटिश अर्थखात्याचे सचिव थॉमस व्हेटली यांनी असे मांडले की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही पार्लमेंटमध्ये स्वतःचा सभासद नाही, तरी पार्लमेंट सर्वांचेच प्रतिनिधित्व करते. त्याला मेरीलँड वसाहतीतले वकील डॅनियल ड्यूलनी यांनी दिलेले उत्तर मला आजही बिनतोड वाटते: इंग्लंडमधल्या मतहीन माणसावर बसणारा कर त्याच्या मतदार शेजाऱ्यावरही बसतो, त्यामुळे दोघांचे हित एक असते, अमेरिकेवर लादलेल्या कराने मात्र इंग्लंडच्या मतदाराचा भार उलट हलका होतो.

बाबांची बाजू व्हेटलींपेक्षा भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे, कारण आमदाराला त्यांनी स्वतः मत दिले आहे. पण महापालिकेचा अर्थसंकल्प विधानसभेत मंजूर होत नाही. स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण असलेल्या महापालिकेचा अर्थसंकल्प त्या काळात प्रशासकच मांडत होते आणि प्रशासकच मंजूर करत होते, त्यामुळे चुकीच्या खर्चाबद्दल सभागृहात उभे राहून जाब विचारणारे कोणीच नव्हते.

निवडून आलेले लोक चांगलेच वागतात असे मात्र अमेरिकेचा इतिहासही सांगत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या, १७८१ च्या व्यवस्थेत मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागे आणि राज्ये ते बुडवत. इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये लोकांनीच निवडलेल्या विधिमंडळाने इतके जड कर लावले की १७८६ मध्ये डॅनियल शेज याच्यासारख्या माजी सैनिकांच्या नेतृत्वाखाली कर्जबाजारी शेतकऱ्यांनी न्यायालयांचे कामकाज बंद पाडले. त्या धास्तीनंतर १७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटनेसाठी जमलेल्या ५५ प्रतिनिधींनी (गुलामांना तीनपंचमांश मोजणाऱ्या या मंडळींना मी संत मानत नाही) केंद्राला कराचा अधिकार दिला, पण करविषयक विधेयक प्रथम दर दोन वर्षांनी लोकांसमोर जाणाऱ्या सभागृहातच मांडले जावे, अशी अट घातली. ती मुदत इतकी पक्की ठरली की १८६४ मध्ये यादवी युद्ध पेटलेले असतानाही निवडणूक झाली. आपल्याकडेही ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकांची पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घेण्याचे बंधन घातलेले आहे. तरी आधी करोना, मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचा वाद यांत नवी मुंबईची साडेपाच वर्षे गेली आणि शेजारच्या ठाण्याची जवळपास चार.

वॉशिंग्टन शहर १९९५ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर आले तेव्हा काँग्रेसने त्याच्या डोक्यावर वित्तीय नियंत्रण मंडळ बसवले, म्हणजे एक प्रकारचा प्रशासकच. पण महापौर आणि नगर परिषद यांच्या निवडणुका ठरल्या वेळी होत राहिल्या. बाबांना मी हेच सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "तू तिथे कर भरतोस, तुला कुठे मत आहे?" नाही. परंतु मी या देशात स्वतःहून आलो आहे; नेरूळ हे त्यांचे घर आहे.

मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने स्टॅम्प कायदा मागे घेतला आणि त्याच वेळी वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदा करण्याचा आपला हक्क दुसऱ्या कायद्याने नोंदवून ठेवला. बोस्टनमध्ये लोकांनी पहिल्याचा जल्लोष केला आणि दुसऱ्याकडे फारसे पाहिले नाही. नव्या मुंबईत आता १११ नगरसेवक आहेत, पण २०२२ मध्ये राज्य सरकारने निवडणूक आयोगाकडून आपल्याकडे घेतलेला प्रभागरचनेचा अधिकार अजून तिथेच आहे, आणि या सभागृहाची मुदत २०३१ मध्ये संपते.