‘जुना रेकॉर्ड प्लेअर काढून टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. शेवटी मामींनीही पाठवला, वर ‘हे वाच रे, तुझ्या कामाचं आहे’ अशी पुस्ती जोडून. मेसेजचा सारांश असा: घरातला जुना रेकॉर्ड प्लेअर ठेवू नका. त्याची सुई रेकॉर्ड खाते, त्याचे पार्ट मिळत नाहीत, दुरुस्तीच्या पैशात नवं मशीन येतं, नव्यावर सगळ्या रेकॉर्ड वाजतात, शिवाय यूएसबी आणि ब्लूटूथ मिळतं. आणि अमेरिकेतून कोणी येणार असेल तर तिकडचं सेकंडहँड मागवा, स्वस्त पडतं.

माझ्याकडे वडिलांचं चार स्पीडचं मशीन आहे आणि ते रोज चालतं, तेव्हा मी तटस्थ नाही हे आधीच कबूल.

सुई रेकॉर्ड खाते, हा पहिला मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणूनच तो जास्त घोटाळा करतो. पूर्वीच्या पेटीवजा मशीनमध्ये सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या थरथरीची वीज करणारा छोटा भाग) असायचं. ते सुईवर पाच-सहा ग्रॅम, कधी त्याहून जास्त वजन टाकतं. चांगलं मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर काम भागवतं. त्यातून कार्ट्रिज जुनं मोनो असेल तर त्याची सुई फक्त डावी-उजवीकडे हलते. स्टिरिओ एलपीच्या (मोठ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डच्या) खाचेत वर-खालीही नक्षी असते. न वाकणारी सुई ती नक्षी खरवडून टाकते. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

पण हा दोष सुईचा आणि कार्ट्रिजचा झाला, मशीनचा कुठे झाला? चपलेचा अंगठा तुटला म्हणून कोणी पाय बदलत नाही. हिऱ्याची सुईसुद्धा पाचशे-हजार तासांत झिजते, कमी वजनाची काळजी घेतली तरी. पाचशे तास म्हणजे वीस मिनिटांच्या दीड हजार बाजू. वडिलांच्या काळापासून सुई तीच असेल तर तिला दोष देण्याआधी स्वतःच्या आळसाला द्या. आणि गंमत बघा, हाच मेसेज ज्या रंगीत सूटकेसवाल्या नव्या मशीनचा फोटो लावून फिरतोय, त्या जातीच्या स्वस्त मशीनमध्ये बहुतेक वेळा तेच सिरॅमिक कार्ट्रिज असतं, तेच पाच ग्रॅम वजन घेऊन. फक्त पेटी नवी. सोनाराकडचा असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन मिळतो. त्यावर सुई टेकवा आणि आकडा वाचा, वय कोणाचं काय ते बाजूला राहू द्या.

आता ‘नव्यावर सगळ्या रेकॉर्ड वाजतात’. इथे मात्र मला राग येतो, कारण यानेच मराठी घरांतलं सगळ्यात मोलाचं सामान माळ्यावर जातं. बाजारातल्या बऱ्याच नव्या मशीनवर मिनिटाला ३३ (नेमके ३३⅓) आणि ४५ फेरे हे दोनच स्पीड असतात. आजोबांच्या नाट्यपदांच्या, भावगीतांच्या दहा इंची काळ्या तबकड्या ७८ च्या आहेत. आपल्याकडे त्या फार उशिरापर्यंत निघत राहिल्या. १९६० च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली, म्हणजे या तबकड्या फक्त पणजोबांच्या काळातल्या असं समजू नका.

बरं, समजा नव्या मशीनवर ७८ चं बटण आहे. तरी सुई एलपीची. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉन त्रिज्येचं, ७८ ला लागतं ६५ ते ७५ मायक्रॉनचं. बारीक सुई रुंद खाचेच्या भिंतींना धरतच नाही. ती तळाशी जाऊन पन्नास वर्षांच्या धुळीत नांगर चालवते, आणि आपण म्हणतो, ‘जुन्या रेकॉर्डमध्ये खरखर असतेच.’ जुन्या मशीनच्या कार्ट्रिजला पुढे एक इवलीशी दांडी असते. ती फिरवली की एका बाजूला एलपीची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ ची. आमच्या घरी ती फिरवण्याचा मान लहानपणी फक्त वडिलांना होता. (जाता जाता: ७८ ची तबकडी लाखेची असते. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.)

पार्ट मिळत नाहीत? कोणते पार्ट? जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा बिघडतं ते काय: रबर, ग्रीस आणि सुई. माझं मशीन तीन वर्षांपूर्वी मंद फिरायला लागलं. पहिल्या दुकानदाराने न उघडताच सांगितलं, ‘मोटर गेली, नवं घ्या.’ घरी येऊन थाळी उचलली. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. ते खरवडून काढलं, बेअरिंगला शिवणाच्या मशीनचं तेल दोन थेंब घातलं. थाळीच्या कडेला फिरवणारं रबरी चाक चकचकीत, कडक झालं होतं आणि एका जागी दबून सपाट पडलं होतं. त्यामुळे स्पीकरमधून धप-धप असा आवाज यायचा. छापखान्याच्या रोलरला रबर चढवणाऱ्या एका माणसाने त्याला नवं रबर चढवून दिलं. मशीन पट्ट्याचं असेल तर काम आणखी सोपं: पट्टा जिथून फिरतो तिथे दोरा गुंडाळून माप घ्या, त्याहून थोडा आखूड पट्टा बसतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि अख्खं मशीनच उचलायचं असेल तर चोर बाजार. ज्यांना हे हिंडणं जमत नाही त्यांनी नवं घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण ‘मिळत नाही’ असं मात्र म्हणू नये.

दुरुस्ती झाली की नाही हे कानावर सोडू नका, स्पीड तपासा. कागदावर एक चकती छापून घ्या, कडेने सारख्या अंतरावर १८० काळ्या रेघा. ती थाळीवर ठेवा आणि वर जुन्या चोकची ट्यूबलाइट लावा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. थाळी बरोबर ३३⅓ ने फिरत असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. मंद असेल तर मागे सरकत राहतात. एलईडीच्या उजेडात हे नीट दिसेलच असं नाही. आमच्या जिन्यात एकच जुनी ट्यूब उरली होती, म्हणून मी ते मशीन तिथे मांडून बसलो. वरच्या मजल्यावरच्या काकू दोन वेळा विचारून गेल्या, कसली पूजा आहे म्हणून.

याच ५० हर्ट्झमुळे अमेरिकेचा सल्ला अंगलट येतो. तिकडची वीज ६० हर्ट्झची. तिथल्या जुन्या मशीनची मोटर त्या साठावर चालते आणि तिच्या दांडीवरची पितळी कप्पी त्याच हिशेबाने कातलेली असते. आपण ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतो. त्याने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. मग ३३⅓ चे होतात सुमारे २७.८. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर काळी पाचमधली गायिका पांढरी पाचला उतरते, आणि लयही तितकीच संथ होते. ५० हर्ट्झची कप्पी मिळाली तर निभावतं. डायरेक्ट ड्राइव्ह (थाळी थेट मोटरवरच बसवलेल्या) किंवा डीसी ॲडॉप्टरवर चालणाऱ्या मशीनला ही अडचण नसते. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला आधी मोटर कुठली ते विचारायला सांगा, मग बॅग भरू दे.

यूएसबी आणि ब्लूटूथ ही सोय आहे, आवाजाची हमी नाही. एवढंच.

राहिली मेसेजमागची समजूत, ‘नवं म्हणजे सुधारलेलं’. टेक्निक्स या जपानी कंपनीचं एसएल-१२०० हे रेकॉर्ड वाजवायचं मशीन १९७२ चं. त्याचं क्वार्ट्झवर स्पीड धरणारं एमके-२ रूप १९७९ चं. २०१० मध्ये कंपनीने ते बंद केलं आणि २०१६ मध्ये त्याच नावाने पुन्हा बाजारात आणलं. सगळंच जुनं सोनं असतं असं मी म्हणत नाही, पण तारखेवरून मशीन जोखता येत नाही.

तर मामींना काय सांगितलं? त्यांच्याकडे सेलवर चालणारी, झाकणात स्पीकर असलेली पेटी आहे, मोनो कार्ट्रिजची. रेकॉर्ड काढून बघितल्या: सव्वीस एलपी, जवळजवळ सगळ्या स्टिरिओ, ७८ ची एकही नाही. मी म्हटलं, मामी, तुम्ही नवं घ्या. मॅग्नेटिक कार्ट्रिजचं, सूटकेसवालं नको, आणि तुमच्या ॲम्प्लिफायरला फोनोची (रेकॉर्ड प्लेअर जोडायची) खोबण आहे का ते आधी मागे वाकून बघा. फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मेसेज बरोबरच होता की!’

पेटी त्यांनी काढलेली नाही. तिच्यावर फुलदाणी ठेवली आहे.